मूल ठरवणार, मग मोठ्यांनी करायचं काय?

चार वर्षांची एक मुलगी जमिनीवर बसून लाकडी ठोकळ्यांचा पूल करतेय असं धरा. दोन बाजूंना दोन मनोरे उभे केलेत आणि आता वरून एक लांब फळी टाकायचीय. फळी एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूने धाडकन खाली येते, कारण मनोरे जरा जास्तच लांब आहेत एकमेकांपासून. ती परत ठेवते, परत पडते. मग ती फळीची टोकं अदलाबदल करून बघते. आपल्याला हसू येतं, कारण फळी फिरवली तरी लांबी तेवढीच राहणार, पण तिला हे अजून माहीत नाहीये आणि ते कळायची वेळ नेमकी हीच आहे. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचे हात अशा वेळी अक्षरशः शिवशिवतात. एक मनोरा जरासा आत सरकवला की झालं, पाच सेकंदांचं काम, आणि बहुतेक जण सरकवतातच.

नाही सरकवला तर काय होतं? ती आधी जास्त लांब फळी शोधते, मिळत नाही. मग आख्खा मनोरा एकदम ढकलायला जाते, तो पडतो, थोडी चिडचिड होते. मनोरा परत रचते, आता जवळ, पण इतका जवळ की फळी दोन्हीकडून बाहेर येते. आणि मग कधीतरी, त्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात, ती फळी आधी जमिनीवर आडवी ठेवते आणि तिच्या दोन टोकांपाशी मनोरे बांधायला घेते. हे शेवटचं जे आहे ना, त्याला मोजमाप म्हणतात. एका वस्तूची लांबी वापरून दुसरं अंतर ठरवणं. फूटपट्टी हातात यायच्या कितीतरी आधी फूटपट्टी कशासाठी असते हे तिला कळलेलं असतं.

मुलाने स्वतः ठरवून, हाताने करून, खेळता खेळता शिकायचं या पद्धतीला चाइल्ड-लेड, हँड्स-ऑन, प्ले-बेस्ड अशी नावं बरीच आहेत आणि शाळांच्या ब्रोशरवर ती सगळी एकत्रच छापलेली असतात. पालकांना त्यातून दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर "मुलं दिवसभर नुसती खेळतात, शिकवत काहीच नाहीत", नाहीतर "मुलांना काही म्हणायचं नाही, हवं ते करू द्यायचं". माझ्या मते दोन्ही चूक. काय उचलायचं, किती वेळ करायचं, कसं करून बघायचं हे मूल ठरवतं. पण त्याच्यासमोर काय ठेवलंय, कुठल्या उंचीवर ठेवलंय, किती ठेवलंय, ते कधी बदलायचं, कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मिटायचं, हे सगळं मोठ्यांनीच ठरवलेलं असतं. मोठ्यांचं काम कमी होत नाही, फक्त त्याची वेळ बदलते. फळ्यासमोर उभं राहून बोलण्यात जो वेळ जायचा तो आता मुलं यायच्या आधीच्या तयारीत आणि मुलं आल्यावर नुसतं बघण्यात जातो, आणि नुसतं बघणं किती अवघड आहे हे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता हातच का, हे आधी बघू. चित्र दाखवलं, व्हिडिओ लावला, समजावून सांगितलं तर नाही का चालणार?

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोघांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता (आजच्या नजरेने तो जरा क्रूरच वाटतो). पिल्लं एरवी अंधारात वाढलेली. रोज थोडा वेळ त्यांना दोन-दोनच्या जोडीने एका गोल फिरणाऱ्या दांड्याला जोडायचे. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं छोट्या पाळण्यात बसलेलं असायचं आणि पहिलं चालेल तसं आपोआप फिरायचं. म्हणजे दोघांच्या डोळ्यांसमोरून जग सारखंच जात होतं. पण नंतर चाचणी घेतली तेव्हा चालणाऱ्या पिल्लाला काय किती खोल, किती लांब याचा अंदाज होता, काही अंगावर आलं की ते डोळे मिटायचं, जमीन जवळ आली की पंजे पुढे करायचं. पाळण्यातल्या पिल्लाला यातलं काही जमेना, मोकळं फिरू दिल्यावर मग हळूहळू जमलं. बघितलेलं तेच, फरक फक्त कोण हललं याचा.

माणसाच्या बाळांवरचा एक प्रयोग यापेक्षा खूप गोड आहे. तीन महिन्यांच्या बाळाला वस्तू नीट पकडता येत नाही, हात नुसता हवेत फिरतो. २००२ साली संशोधकांनी अशा बाळांना वेल्क्रो लावलेले हातमोजे घातले आणि खेळण्यांनाही वेल्क्रो लावलं, म्हणजे हात नुसता लागला तरी खेळणं चिकटून वर यायचं. दोन-एक आठवडे रोज थोडा वेळ हे चाललं. नंतर ही बाळं हातमोज्यांशिवायसुद्धा समोरच्या वस्तूकडे जास्त वेळ बघायची, तिच्यापर्यंत पोचायची जास्त धडपड करायची. आपण काही केलं की काहीतरी घडतं हे एकदा हाताला कळलं की डोळेही वेगळ्या पद्धतीने बघायला लागतात, असं काहीसं.

आणि मग पियाजे आहेच. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी, मुलाच्या समोरच एका ग्लासातलं पाणी उंच आणि अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. तुम्ही कितीही सांगा की अरे राजा तेच पाणी आहे, मूल मान डोलावतं आणि पुन्हा उंच ग्लासच दाखवतं. साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे हे बदलतं. पियाजेने वयाचे टप्पे जरा जास्तच पक्के आखले असं पुढच्या अनेक संशोधकांनी दाखवलंय, प्रश्न विचारायची पद्धत बदलली तर लहान मुलंही कधीकधी बरोबर सांगतात. पण त्याचा मूळ मुद्दा टिकून आहे. लहान मूल ऐकून समज बदलत नाही, ते स्वतः ओतून, सांडून, परत भरून समज बनवतं. म्हणून प्रीस्कूलमध्ये पाण्याचा टब, नरसाळं, वेगवेगळ्या आकाराचे मग हे दिसलं तर "वेळ घालवतायत" असं समजू नका.

हातात येणाऱ्या वस्तूत गणित कसं लपवलेलं असतं हे बघण्यासारखं आहे. इटलीच्या मारिया मॉन्टेसरीच्या पद्धतीतला गुलाबी मनोरा घ्या, दहा घन, सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा. रंग एकच, खरखरीतपणा सारखा, लाकूड तेच, म्हणजे फरक फक्त आकाराचा, बाकी लक्ष वेधून घेईल असं काहीच नाही. छोटा दोन बोटांत मावतो, मोठ्याला दोन्ही हात लागतात. आकारमानाने मोठा घन छोट्याच्या हजारपट आहे, आणि ही हजार पट तीन वर्षांच्या मुलाला आकड्यात नाही पण दंडात जाणवते. तसंच युनिट ब्लॉक्सचं. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली स्वतःची शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅटने हे साधे, रंग न दिलेले ठोकळे बनवले, जाडी-रुंदी-लांबीचं प्रमाण एकास दोनास चार. दोन अर्धे मिळून एक, दोन एक मिळून एक दुप्पट. मुलाला लांब ठोकळा कमी पडला की ते दोन छोटे जोडून काम भागवतं आणि कुणी अपूर्णांक हा शब्दही उच्चारलेला नसतो.

हा सगळा विचार तसा जुना आहे. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेलने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, तिलाच पुढे त्याने किंडरगार्टन नाव दिलं. त्याचे लाकडी गोळे, घन आणि ठोकळे हे आजच्या शैक्षणिक खेळण्यांचे आजोबा. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली, ती १८६० मध्ये उठली. ठोकळ्यांनी खेळणाऱ्या मुलांचं सरकारला भय वाटावं ही गंमतच आहे.

मारिया मॉन्टेसरीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण मूल ठरवणार ही गोष्ट तिच्याकडे बऱ्याच अंशी योगायोगाने आली. ती डॉक्टर होती. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिची लहान मुलांची पहिली शाळा सुरू झाली. सुरुवातीला साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं आणि ताई ते काढून मुलांना वाटायच्या. एकदा कपाट बंद करायचं राहून गेलं आणि ताईंना यायला उशीर झाला. आल्या तर मुलांनी स्वतःच कपाट उघडून आपापलं साहित्य घेऊन कामं सुरू केलेली. ताईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसरीला वाटलं की मुलांना वस्तू ओळखीच्या झाल्यात, त्यांची जागा माहीत आहे आणि आपल्याला आज काय हवंय हेही त्यांना कळतंय. त्यानंतर कुलपाची कपाटं गेली आणि मुलांच्या उंचीची उघडी शेल्फं आली. आज प्रत्येक प्रीस्कूलमध्ये दिसणारं ते बुटकं शेल्फ तिथून आलंय.

दुसरा किस्सा तीनेक वर्षांच्या मुलीचा. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या मापाची भोकं आणि प्रत्येकात बसणारा एकच दट्ट्या, वर पकडायला छोटी घुंडी. मुलगी सगळे दट्टे काढायची, मिसळायची, परत बसवायची, परत काढायची. मॉन्टेसरीने बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलगी ढिम्म. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तर तिने ठोकळा मांडीवर ओढून घेतला आणि काम चालूच. चाळीसपेक्षा जास्त वेळा तिने ते केलं, आणि मग कुणी न सांगता थांबली. तीन वर्षांच्या मुलांचं लक्ष दोन मिनिटं टिकत नाही असं आपण सगळे म्हणतो ना, ते बहुतेक वेळा आपण दिलेल्या कामावर टिकत नाही.

या दट्ट्यांमधली खरी हुशारी वेगळी आहे. एक चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो कुठेच बसत नाही. चूक झाल्याचं वस्तूच सांगते, ताईंना सांगावं लागत नाही. मोठ्याने "चुकलं" म्हटलं की मूल त्या मोठ्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं, वस्तूने सांगितलं की ते वस्तूकडेच बघत राहतं. घरी काही निवडताना मी हीच एक कसोटी लावेन, चूक कुठे झाली हे मुलाला स्वतःला दिसतंय का?

मॉन्टेसरीवर एक टीका होते ती बरोबर आहे. तिथे निवड मुलाची असली तरी वापरायची पद्धत ठरलेली असते, गुलाबी मनोऱ्याचे घन गाडी म्हणून फिरवलेले पारंपरिक मॉन्टेसरी वर्गात फारसे चालत नाहीत, आणि कल्पनेच्या खेळाला जागा कमी. शिवाय मॉन्टेसरी हे नाव अमेरिकेत १९६७ मध्येच कुणा एकाच्या मालकीचं नाही असं ठरलं, आणि इतर अनेक ठिकाणीही पाटीवर ते कुणीही लिहितं. म्हणून पाटी नका बघू. शेल्फ बघा, आणि ते मुलांसाठी उघडं आहे की शोभेचं आहे ते बघा.

इटलीतच, पण वेगळ्या रस्त्याने, रेज्जो एमिलिया या शहराची पद्धत आली. १९४५, युद्ध नुकतंच संपलेलं. शहराजवळच्या व्हिला चेल्ला गावातले लोक जर्मन सैन्य मागे सोडून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून, पडक्या घरांच्या विटा धुऊन लहान मुलांसाठी शाळा बांधायला निघाले. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकल मारत तिथे गेला आणि मग आयुष्यभर त्याच कामात राहिला. या पद्धतीत ठरलेलं साहित्य कमी आणि मुलांचे प्रश्न जास्त. समजा मुलांना सावलीचं वेड लागलं, तर ताई लगेच सावलीचा धडा घेत नाहीत. खडूने सावलीची कड काढून ठेवतात आणि थोड्या वेळाने परत तिथेच उभं राहायला सांगतात. सावली कडेच्या बाहेर गेलेली असते! "कुणी हलवली?" यावर मुलं जे काही बोलतात ते ताई जसंच्या तसं लिहून घेतात, फोटो काढतात, भिंतीवर लावतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं तेच वाचून ऐकून पुढे जातात. एखादं म्हणतं मी खडा ठेवून सावली दाबून ठेवतो. ठेव की. बघू.

आणि मुलं जिथे आहेत तिथे शिक्षण न्यायचं हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला जसं केलं तसं फार थोड्या ठिकाणी झालंय. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर कुरणातच शाळा भरवली. त्या मुलांभोवती दगड, बिया, पानं, काड्या होत्याच, साहित्य विकत आणायची गरजच कुठे होती.

आता थोडी कटकट करतो. हँड्स-ऑनच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं नुसतं हातांना काम आहे, डोक्याला नाही. तीस मुलं, तीस एकसारखे कापून दिलेले कागदी मासे, ठिपका दाखवलाय तिथे डोळा चिकटवायचा, आणि डोळा वाकडा लागला तर ताई तो नीट करून भिंतीवर लावणार कारण पालक येणारेत. यात मुलाने काय ठरवलं? रंगसुद्धा नाही. भिंतीवर सगळी चित्रं सारखी दिसली तर समजावं की डोकं मोठ्यांनी चालवलं आणि मुलांनी फक्त गोंद लावला. हेच स्क्रीनवरच्या बऱ्याच "ॲक्टिव्हिटी" ॲप्सचं, बोट लागलं की आवाज येतो, पण ठोकळा जड नाही, घसरत नाही, पडत नाही, आणि चुकून काही वेगळंच घडायची सोयच नाही.

मग मोकळं सोडलं की मुलं सगळं आपोआप शिकतील का? इथे या पद्धतीची भक्तमंडळी जरा नाराज होतील, पण नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रीस्कूलच्या वयाच्या मुलांना एक मुद्दाम बनवलेलं खेळणं दिलं, त्यात चार लपलेल्या करामती होत्या, नळी ओढली की चूंऽ आवाज, कुठे दिवा, कुठे संगीत, कुठे आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने "हे बघ, हे असं चालतं" म्हणून आवाजाची करामत नीट शिकवली. काहींसमोर तीच गोष्ट "अरे, हे काय झालं!" अशी चुकून झाल्यासारखी केली. ज्यांना शिकवलं त्यांना आवाज काढणं जमलं, पण ती त्याच एका करामतीत रमली आणि बाकीच्या करामती त्यांनी कमी शोधल्या. मुलांचं लॉजिक बरोबरच आहे म्हणा, जाणकार माणसाने एवढंच दाखवलं म्हणजे एवढंच असणार. म्हणजे शिकवल्याने ठराविक गोष्ट पटकन येते, पण पुढचं शोधायची इच्छा तिथेच थांबू शकते.

आता उलट बाजू. २०१३ साली चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, चौकोन वगैरे आकार तीन पद्धतींनी शिकवून बघितले. एका गटाला सरळ समजावून सांगितलं, एका गटाला साहित्य देऊन मोकळं सोडलं, आणि तिसऱ्या गटात मोठा माणूस मुलांबरोबर खेळत होता, "या सगळ्या त्रिकोणांचं काय गुपित आहे शोधू या" असं म्हणून प्रश्न विचारत, पण उत्तर मुलांना शोधायला लावत. वाकडेतिकडे, लांबट, उलटे ठेवलेले त्रिकोणही त्रिकोणच आहेत हे सगळ्यात चांगलं तिसऱ्या गटाला कळलं. नुसतं मोकळं सोडलेल्यांना नाही. साहजिक आहे, तीन बाजू मोजायच्या हे मुलाच्या मनात आपोआप का यावं? त्याला ते तुकडे घर बांधायला हवेत, आणि घर बांधण्यातही तो खूप काही शिकतोय, फक्त त्रिकोणाची व्याख्या नाही शिकत.

या तिसऱ्या पद्धतीला गाइडेड प्ले म्हणतात. मला विचाराल तर मोठ्यांचं कसब सगळं इथे आहे. वायगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ वयाच्या ३७ व्या वर्षी, १९३४ मध्ये गेला, पण त्याने मांडलेली एक कल्पना आजही रोज उपयोगी पडते. मूल एकटं काय करू शकतं आणि जरा मदत मिळाली तर काय करू शकतं यांच्यामध्ये एक पट्टा असतो, शिकणं त्या पट्ट्यात होतं. पट्ट्याच्या अलीकडे कंटाळा, पलीकडे रडारड. १९७६ साली वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी तुकड्यांचा पिरॅमिड करायला मदत करताना ही मदत नेमकी कशी असते ते टिपलं, आणि तेव्हापासून त्याला स्कॅफोल्डिंग म्हणायची पद्धत पडली. मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की एक पायरी कमी करायची.

पुलाच्या उदाहरणात बघा. पहिली पायरी म्हणजे गप्प बसणं. दुसरी, जे दिसतंय ते नुसतं बोलायचं, "या बाजूला टेकली, त्या बाजूला नाही टेकली." तिसरी, एक प्रश्न, "तिकडच्या मनोऱ्यापर्यंत पोचायला काय करता येईल?" चौथी, पर्याय, "फळी बदलायची की मनोरा?" आणि अगदीच रडकुंडीला आली तर पाचवी, "मी हा मनोरा धरते, तू सरकव." बहुतेक मोठी माणसं थेट सहाव्या पायरीवर जातात आणि स्वतःच करून टाकतात. आणि प्रश्न विचारणारेही कधीकधी इतके विचारतात की मुलाला वाटतं आपली तोंडी परीक्षा चाललीय. हा कुठला रंग? किती झाले? मोठा कुठला? ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तो प्रश्न मुलाला लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा "मला कळलं नाही, हे इथे का ठेवलंस?" हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारल्यावर जरा थांबायचं, कारण चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो.

बक्षिसांचंही सांगून टाकतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अशी नर्सरीतली मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल. एका गटाला न सांगता नंतर दिलं. एकाला काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवले, तर आधी बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. बाकी दोन्ही गटांच्या आवडीला धक्का लागला नव्हता. जे काम मूल आवडीने करतंय त्यावर स्टार आणि स्टिकर चिकटवू नयेत. जे काम त्याला अजिबात आवडत नाही तिथली गोष्ट वेगळी, त्यावर मी भांडणार नाही.

चाइल्ड-लेड शिक्षणातून मोठे फायदे होतात असं सांगताना लोक पेरी प्रीस्कूलचं नाव घेतात. १९६२ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या इप्सिलांटी शहरात १२३ गरीब घरांतल्या मुलांवर सुरू झालेला अभ्यास, त्यातल्या काहींना प्रीस्कूल मिळालं, काहींना नाही, आणि पुढे चाळिशीपर्यंत त्यांची माहिती ठेवली गेली. प्रीस्कूल मिळालेल्यांचं शिक्षण, कमाई जास्त आणि अटका कमी निघाल्या. तिथे मुलं आधी सांगायची आज काय करणार, मग करायची, मग काय केलं ते सांगायची, आणि ही तीन टप्प्यांची पद्धत कुणीही उचलावी इतकी सोपी आहे. पण तुलना प्रीस्कूल विरुद्ध काहीच नाही अशी होती, मुलाने ठरवलेलं विरुद्ध ताईंनी ठरवलेलं अशी नव्हती, त्यामुळे "चाइल्ड-लेडमुळे कमाई वाढते" असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यामानाने २००६ साली आलेला मिलवॉकीचा मॉन्टेसरी अभ्यास जास्त कामाचा, कारण तिथे प्रवेश लॉटरीने होते. ज्यांचे पालक सारखेच उत्साही, पण एकाचा नंबर लागला, दुसऱ्याचा नाही, अशी मुलं तुलनेला मिळाली. मॉन्टेसरीतली पाच वर्षांची मुलं वाचनपूर्व कौशल्यं, गणित आणि आपसातले वाद सोडवणं यात पुढे होती. शाळा एकच होती हेही लक्षात ठेवायचं.

आणि काही गोष्टी मुलाने शोधून काढाव्यात अशी अपेक्षाच चुकीची. कुठल्या अक्षराला कुठला आवाज हे माणसांनी आपसात ठरवलेलं आहे, ते ठोकळे रचून कळणार नाही, सांगावंच लागतं. सांगायची पद्धत मात्र हाताची असू शकते. सँडपेपरच्या अक्षरावर बोट फिरवत आवाज काढणं हे त्यासाठीच. २०१२ च्या एका छोट्या अभ्यासात वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षरं हाताने काढली, ठिपक्यांवरून गिरवली किंवा कीबोर्डवर टाइप केली, आणि नंतर मेंदूचे स्कॅन घेतले तेव्हा वाचनाशी संबंधित भाग स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांना जास्त प्रतिसाद देत होता. वाकडंतिकडं का होईना, स्वतः काढलेलं. तसंच विजेचा सॉकेट, रस्ता, दुसऱ्याला चावणं, इथे मुलाने ठरवायचा प्रश्नच येत नाही.

पालकांच्या दोन ठरलेल्या काळज्या असतात. एक, "रोज तेच तेच करतो." करू दे, पण जवळून बघा, तेच करतोय की थोडं थोडं बदलतोय. ठोकळ्यांमध्ये साधारण क्रम असतो, आधी नुसते उचलून फिरवायचे, मग ओळ किंवा मनोरा, मग पूल, मग बंद कुंपण, मग नक्षी, आणि त्यानंतर "हे हॉस्पिटल आहे" असं नाव. कुंपणावर अडकलेलं मूल महिनाभर कुंपणंच करेल. बदल अजिबातच दिसत नसेल तर बाजूला गुपचूप एक नवी वस्तू ठेवून बघा, समजा दोन छोटे प्राणी, आणि काही बोलू नका. दुसरी काळजी, "नुसता उभा राहून बघतो, खेळत नाही." मिल्ड्रेड पार्टनने १९३२ मध्येच मुलांच्या खेळण्याच्या पद्धती नोंदल्या होत्या, एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचं बघणं, शेजारी बसून आपलं आपलं खेळणं, मग देवाणघेवाण आणि मग एकत्र मिळून. बघणं हाही त्यातलाच भाग, फक्त दिवसेंदिवस मूल तिथून हललंच नाही तर ताईंनी त्याच्या शेजारी जाऊन बसावं.

घरी करायचं म्हटलं तर खरेदी कमीच करा. २०१८ च्या एका अभ्यासात लहान मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. बाकीची कपाटात टाका, आठवड्याने बदला, पेटीत कोंबून ठेवण्यापेक्षा खालच्या फळीवर एकेक मांडून ठेवा. घरातली खरी कामंही चालतात, रुमालांच्या घड्या, बटणं लावणं, छोट्या तांब्यातून पाणी ओतणं. तांब्या पूर्ण भरून देऊ नका, अर्धाच भरा, आणि शेजारी पुसायचं फडकं ठेवा, सांडणार आहेच, आणि ते पुसणं हेही काम आहे, शिक्षा नाही.

सगळ्यात मोठी अडचण साहित्याची नाही, वेळेची आहे. मॉन्टेसरी वर्गात न तोडता जवळजवळ तीन तासांचा कामाचा वेळ ठेवतात, आणि बऱ्याच प्रीस्कूलच्या टाइमटेबलमध्ये वीस वीस मिनिटांचे तुकडे असतात. पुलाची फळी दुसऱ्यांदा पडते, मुलगी आता कुठे विचार करायला लागलेली असते, आणि तेवढ्यात आवरायची घंटा होते. एखाद्या शाळेची चौकशी करायला गेलात तर फी आणि युनिफॉर्म विचारून झाल्यावर एवढं नक्की विचारा, मुलांना सलग किती वेळ मिळतो आणि अर्धं राहिलेलं बांधकाम उद्यापर्यंत तसंच ठेवायला इथे जागा आहे का.